ते बीजक आपणच लिहिले होते

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, त्याबद्दल सावकाश रागाव; पण आजची गोष्ट तुझ्यावाचून कुणाला सांगता येण्यासारखी नाही. माझी साखर आटोक्यात आहे, हिचे गुडघे दुखतात, बाकी क्षेम.

आप्पांच्या शेताच्या बांधावरचा आपला सतीचा दगड फोडला. काल जाऊन पाहिले. पुरुषभर खोल खड्डा, कडेला कापलेली लिंबे आणि कुंकू, आणि त्यावर कोरलेला सतीचा हात कोपरापासून तुटून मातीत पडलेला. मनगटावरच्या बांगड्यांच्या रेघा, ज्यांत तू बोट फिरवायचास, त्या अजून स्पष्ट आहेत.

खणणारा आप्पांचा नातूच. आप्पांच्या पेटीत त्याला एक पिवळा कागद सापडला, कुणा मांत्रिकाने ते पुरलेल्या धनाचा ठाव सांगणारे बीजक ठरवले, एका पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, पोराच्या डोळ्यांत अंजन घालून हंडा दिसल्याचे वदवून घेतले, आणि या मुलाने बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. कागद त्याने माझ्या हाती दिला तेव्हा माझे पाय लटपटले. बाळू, तो आपला कागद आहे.

आठवते ना? १८८६ मध्ये जयाजीराव शिंदे महाराज गेले तेव्हा त्यांचे पुत्र माधवराव अवघे नऊ वर्षांचे, आणि किल्ल्यातल्या गंगाजळी खजिन्याचे बीजक कुणालाच ठाऊक नाही, ही गोष्ट नानांनी रंगवून सांगितली, आणि दुसऱ्याच दिवशी आपण चहाच्या पाण्यात कागद बुडवून बसलो. तू 'हातापासून एकवीस पावले' म्हणत होतास, मी 'हाताखाली'वर अडून बसलो. त्यावरून आठ दिवस अबोला धरला आणि शेवटी माझेच खरे केले. तुझी एकवीस पावले ठेवली असती तर निदान दगड वाचला असता.

मुलाला मी पुष्कळ समजावले. दगडावर वर कोरलेले चंद्रसूर्य दिशा दाखवत नाहीत. ते आकाशात आहेत तोवर या बाईची आठवण राहावी, एवढाच त्यांचा अर्थ. तो उभा हात कशाकडेही बोट दाखवत नाही, तो सतीचा चुडा भरलेला हात आहे. वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचीही हीच दशा होते. माथ्यावरचा कळस पाहून लोक खाली मोहरांचा हंडा आहे असे धरतात. शिवाय १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. त्यावर तो म्हणाला, "काका, तुम्हाला वाटा हवा असेल तर तसे सांगा." कागद आम्ही लिहिला म्हटले, तर ते त्याला खोटे वाटले.

येत्या अमावास्येला ते विहिरीजवळच्या दुसऱ्या सतीच्या दगडाखाली खणणार आहेत.

सुनबाईंना मुलगी झाल्याचे कळले, फार आनंद झाला. बडोद्याचे घर पुरे झाले का?

ते दुसरे खणणे थांबावे, तेवढ्यासाठी हे पत्र. कागदावरचे अक्षर तुझे आहे, आणि तुझा 'ळ' आजही तसाच शेपटी ओढलेला असतो. कागदावरचा सगळा मजकूर तुझ्या हाताने पुन्हा लिहून, खाली सही करून पाठव. दोन्ही कागद त्याच्यापुढे शेजारी ठेवीन. टपालावर विसंबू नकोस. कुणी इकडे येत असेल तर त्याच्या हाती दे, नाहीतर तूच ये.

तुझा,
भाऊ