जुन्या .२२ रायफली भंगारात काढण्यापूर्वी

महोदय,

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेमबाजीचे) कांस्यपदक मिळवले. त्याआधी, २०१० मध्ये, म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनचे, म्हणजे झोपून नेमबाजीचे, जागतिक अजिंक्यपद पटकावले होते. या प्रकाराकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींची पहिली अडचण मात्र रायफलीची असते. नवी आयात रायफल काही लाखांना पडते. दुसरीकडे क्लबांच्या लोखंडी कपाटांत जर्मन ॲन्शुट्झ कंपनीच्या १४११ आणि १४१३ या मॉडेलांसारख्या जुन्या .२२ (साधारण ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या) रायफली ‘गेलेल्या’ म्हणून पडून राहतात. त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या नसतात. त्यांची निगा राखलेली नसते, इतकेच. नीट केल्या तर शिकाऊ मुलांना झोपून नेमबाजी करण्यासाठी त्या उत्तम आहेत.

आधी कायद्याचे. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करायला परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यामुळे ट्रिगर, फायरिंग पिन (काडतुसावर ठोका देणारी कांडी) आणि नळी ही कामे परवानाधारक कारागिराचीच. साफसफाई, तपासणी आणि लाकडाची निगा क्लबात होऊ शकते. कोणत्याही कामाआधी बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दट्ट्या) काढून चेंबर (काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग) रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करावी.

नळीत काळे दिसले की लोक ती गंजली असे धरून चालतात. पुष्कळदा तो गंज नसतो. स्पर्धेच्या .२२ गोळीवर सहसा तांब्याचे आवरण नसते. नुसते शिसे आणि वर मेण किंवा ग्रीस. त्याचे आणि काजळीचे पुट आत बसते. म्हणून तांबे काढणारे अमोनियाचे द्रावण इथे निरुपयोगी आहे. शिसे-काजळी सोडवणारे साधे बोअर सॉल्व्हंट लावावे, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे, मग पितळी ब्रश पाच-सहा वेळा आरपार न्यावा. मध्येच उलटा फिरवू नये. शेवटी कापडाचे तुकडे स्वच्छ निघेपर्यंत घालावेत. दांडा अखंड आणि प्लास्टिकचा लेप असलेला असावा, आणि बोल्ट काढून मागून, गाइड (दांडा सरळ ठेवणारी नळकांडी) लावूनच घालावा. आपल्याकडे पुल-थ्रूची, म्हणजे नळीतून कापड ओढायची, दोरी तोंडाशी तिरकी ओढायची खोड आहे. वर्षानुवर्षे घासून नळीच्या तोंडाची कड एका अंगाला झिजते, मग गोळी सुटताना वायू एका बाजूने आधी निसटतो आणि नेम फाकतो. ही झीज ओळखायला कानकाडीचा कापूस त्या कडेवरून आतून बाहेर फिरवावा. जिथे धागा अडकतो तिथे कड दुखावलेली आहे. कारागीर ती लेथवर नव्याने करून देतो. एवढ्यासाठी नळी टाकायची गरज नसते.

चेंबर संपते तिथे काजळीचे कडक कडे जमते. काडतूस शेवटी अडते, बोल्टची मूठ जोर लावून खाली न्यावी लागते, आणि लोक म्हणतात ‘बोल्ट बिघडला’. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला फेल्टचा बोळा तिथे रात्रभर ठेवला की ते मऊ पडते. पोलादी टोकाने खरवडू नये.

मग खरी परीक्षा. मऊ शिशाची नुसती गोळी (काडतूस नव्हे) चेंबरकडून आत बसवून दांड्याने सावकाश ढकलावी. हाताला सारखा विरोध लागला, तोंडाशी किंचित वाढला, तर नळी चांगली. मध्येच एकदम सैल लागले तर तिथे नळी फुगलेली आहे. आत गोळी किंवा कापडाचा तुकडा अडकलेला असताना बार झाला की असे होते, आणि उजेडाकडे धरून पाहिले की तिथे काळी कडी दिसते. अशी नळी मुलांच्या हाती देऊ नये. तिथे दुरुस्ती थांबवावी.

रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबत राहिल्याने होणारे नुकसानही पाहावे. पिन चेंबरच्या कडेवर आदळत असेल तर तिथे खळगा पडतो आणि लोखंड आत ढकलले जाते. मग काडतूस नीट बसत नाही, रिकामे बाहेर येत नाही. हा उंचवटा दाबून बसवायचे हत्यार कारागिराकडे असते. कानस लावली तर चेंबर कायमचे मोठे होते. बोल्टमधले जुने ग्रीस घट्ट होऊन पिनचा ठोका मंदावतो, गोळ्या उभ्या रेषेत पसरतात. बोल्ट धुऊन पातळ तेलाचा एक थेंब पुरतो. तरीही पसरल्या तर स्प्रिंग बदलायला द्यावी.

लाकडाची सर्वाधिक नासधूस सँडपेपरने होते. अक्रोडाचा दस्ता घासून चकचकीत केला की लाकूड धातूच्या कडेखाली जाते, पकडीवरची चौकटीची नक्षी पुसली जाते, आणि हे परत आणता येत नाही. आधी टर्पेंटाइनने मळ काढावा. पोचा आला असेल तिथे ओले कापड ठेवून गरम इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. जाळीत रायफल तोंड वर करून उभी ठेवल्याने तेल खाली झिरपते आणि ॲक्शनच्या (बोल्ट आणि ट्रिगर बसतात त्या धातूच्या भागाच्या) मागचे लाकूड काळे, मऊ पडते. स्पिरिटमध्ये कालवलेली खडूची भुकटी तिथे लेपावी. वाळली की ती तपकिरी दिसते, कारण तेल तिने शोषलेले असते. पाच-सहा लेप लागतात. नंतर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे काही थेंब तळहाताने चोळून मुरवावेत आणि दोन थरांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्यावा. पावसाळ्यात तीन दिवस. तेलाची फडकी गोळा करून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. सुटी पसरून वाळवावीत.

ॲक्शनचे दोन्ही स्क्रू टॉर्क रेंचने सारखे, ४ न्यूटन-मीटरपासून सुरुवात करून आवळावेत. नळी दस्त्याला टेकत नाही ना, हे कागदाची पट्टी सरकवून पाहावे. एक स्क्रू सैल करताना लाकूड-धातूच्या जोडावर ठेवलेल्या बोटाला हालचाल जाणवली तर ॲक्शन ताणाखाली बसते आहे. तिथे एपॉक्सीचे बेडिंग, म्हणजे ॲक्शन नीट टेकण्यासाठी खाली घट्ट थर, लागेल.

आता नव्या कामाला जुंपणे. १४१३ सात किलोच्या घरातली आहे. तेरा वर्षांच्या मुलाने ती उभ्याने धरू नये. झोपून, स्लिंगवर (दंडाला बांधायच्या पट्ट्यावर) वजन घेऊन चालते. त्याच्या हाताला लांब पडते म्हणून जुना दस्ता करवतीने कापू नये. वेगळा आखूड दस्ता करून घ्यावा, मूळचा जपून ठेवावा. गालाचा आधार, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा ठोकळा) ही सगळी जोड काढता येण्यासारखी असावी. ५० मीटरच्या लक्ष्याचा काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा असतो. पुढच्या साइटमध्ये (नेम धरायच्या साधनात) ३.६ मिलिमीटरच्या कड्यापासून सुरुवात करावी आणि गोलाभोवती पांढरी कड स्वच्छ दिसेपर्यंत बदलावे. शिकाऊंना लहान कडे देण्याचा हट्ट नको. डोळा ताणून नेम सुधारत नाही.

जुन्या मागच्या साइटमध्ये ढिलाई असते. पाच गोळ्या माराव्यात. मग साइटचा स्क्रू वीस क्लिक (खटके) वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे करत प्रत्येक वेळी पाच. शेवटचा पुंजका पहिल्यावर पडला नाही तर साइट बदलावी. त्यानंतरच टेबलावरून निरनिराळ्या काडतुसांची चाचणी घ्यावी, कारण एकाच छापाच्या दोन लॉटमध्येही फरक निघतो. साफ केलेल्या नळीच्या पहिल्या दहा गोळ्या मोजू नयेत. दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आहे. दहा गोळ्यांची केंद्रे १५ मिलिमीटरमध्ये बसली तर शिकाऊ मुलाने त्या रायफलीला दोष द्यायचे कारण नाही.

क्लबांच्या कार्यकारिणींना विनंती आहे की जुन्या रायफली निकाली काढण्याचा ठराव करण्याआधी प्रत्येकीची शिशाच्या गोळीची ही चाचणी करून निकाल तिच्या क्रमांकासमोर नोंदवावा. आणि पावसाळ्यात त्या फोमच्या पेटीत ठेवू नयेत. फोम ओल धरतो, आणि जिथे लोखंड त्याला टेकते तिथेच गंज चढतो.

— .२२ रायफलींची देखभाल करणारे काही वाचक, पुणे