रंगीत तालीम झाली, आता तुम्ही या

नाशिक,
2 फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागल्या वर्षी त्या यात्रा कंपनीबरोबर सात दिवसांत अकरा गावं उरकून तुम्ही परतलात, तेव्हा आई म्हणाली होती, "काय बघितलं ते फोटो काढून बघावं लागतंय." ते डोक्यात होतं. म्हणून गेल्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन रंगीत तालीम करून आले. त्यांचे गुडघे आईच्या गुडघ्यांहून चार वर्षांनी मोठे. त्यांना जमलं म्हणजे आईला जमणारच.

पहिल्या दिवशी नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. घरापासून चाळीसेक किलोमीटर. आम्ही तीन तास लावले. चांदोरीच्या आसपास द्राक्षांची खुडणी जोरात होती. एका बागेपाशी सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि मजूर बायकांशी अर्धा तास गप्पा मारल्या. असंच जायचं आहे आपल्याला, आई.

बाबा, तिथे तुमचा जीव तळमळणार, आधीच सांगते. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा तो बंधारा इंग्रजांच्या काळातला. दारणा-गंगापूर धरणांतून सोडलेलं पाणी तिथे अडतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगावकडे जातं. तुम्ही पाटबंधारे खात्यातल्या नोकरीभर धरणांतल्या गाळाला शिव्या घातल्यात. इथे शंभरेक वर्षांत जलाशय गाळाने इतका भरला की पाणी जागोजागी उथळ झालं, मध्ये बेटं वर आली, पाणगवत माजलं आणि त्यापायीच पक्षी जमले! 1986 साली अभयारण्य झालं, 2020 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच. खात्याच्या वहीत जी साठ्याची तूट, ती चक्रवाक बदकांच्या वहीत जमा. चापडगावच्या मनोऱ्याच्या पायऱ्या सासूबाई चढल्या नाहीत, पण गाईड मुलाने दुर्बीण खालीच लावून दिली. थापटे बदक चोचीने चिखल कसा चाळतं ते त्यांनी डोळे भरून पाहिलं. जांभळ्या पाणकोंबडीला बघून म्हणाल्या, "हिच्या रंगाचं इरकल माझ्याकडे होतं."

दुसऱ्या दिवशी सिन्नर. गोंदेश्वरापाशी कट्ट्यावर सावलीत बसायला मिळतं, एवढं आईला पुरे. सिन्नर-घोटी रस्त्यावर घाई केली नाही तरी दुपारपर्यंत बारी गाव येतं. तिथून कळसूबाई नुसतं खालून बघायचं, 1646 मीटर आहे ते, आपल्याला चढायचं नाही. मुक्काम शेंडीला, भंडारदऱ्याच्या काठी. 1926 सालचं विल्सन धरण बाबांनी दगड न् दगड तपासून बघावं. आई, तू तोवर माझ्याबरोबर काठाकाठाने रतनवाडीला चल. रस्ता वळणावळणाचा आहे, तुझी आल्याची वडी जवळ ठेव. अमृतेश्वराच्या भिंतींवरचं कोरीवकाम तू हात लावून बघशील, मला माहीत आहे. शेजारच्या पुष्करणीच्या पायऱ्या मात्र उंच आहेत, तिथे वरूनच बघायचं. तिथल्या बाईकडे नागलीची भाकरी आणि पिठलं मिळतं, आधी सांगावं लागतं, मी सांगून ठेवेन.

एक गोष्ट लिहू का नको असं करत होते. बाबा, गिरणा धरणाच्या क्वार्टर्समध्ये आपण नऊ वर्षं काढली. आई दर रविवारी म्हणायची, चला, धरणावर बसू. तुम्ही म्हणायचात, "धरण काय बघायचं, रोज बघतो." कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की तुम्ही रात्री-अपरात्री चारीवर, पाटकऱ्यांची भांडणं सोडवत; मला कळतं ते. पण घरापासून चार पावलांवर पाणी असून आई एकदाही संध्याकाळी त्या काठावर बसली नाही. शेंडीला एका दगडावर सासूबाई बसल्या होत्या, पाय सोडून, काहीच न बोलता. आई, मला तिथे तू दिसलीस.

तेव्हा या. महिना संपायच्या आत, मार्च लागला की पक्षी परतायला लागतात. गुडघ्यांचा पट्टा, बीपीच्या गोळ्या आणि बाबांची कानटोपी आणा. निफाडची पहाटेची थंडी अजून सरली नाही. गाडी मी चालवीन, कुठे थांबायचं ते आई ठरवेल. बाबांना फक्त एक अट आहे: बंधाऱ्यावर खात्याचा कुणी माणूस भेटला, तर गाळावरून त्याच्याशी वाद घालायचा नाही. निदान आईचा चहा होईपर्यंत.

तुमची,
बेबी