डोळ्याला मार लागला तर लपवू नका

अमळनेर-पारोळा भागातले आपले सर्व कबड्डीपटू, पहिलवान आणि पालकांना नमस्कार.

मागच्या आठवड्यात सरावात पकडीच्या वेळी एका मुलाच्या डोळ्याखाली कोपर बसलं. ‘काही नही व्हयनं भाऊ’ म्हणत तो खेळत राहिला. घरी जाऊन नाक शिंकरलं आणि पापणी टम्म फुगली. डोळ्याच्या खोबणीचं तळाचं हाड फार पातळ असतं. ते मोडलं की नाकालगतच्या पोकळीतली हवा वर शिरते. म्हणून असा मार लागल्यावर नाक अजिबात शिंकरायचं नाही.

एकाचे दोन दिसणं, गाल किंवा वरचा ओठ बधिर होणं, डोळा वर न फिरणं, यातलं काहीही जाणवलं की खेळ तिथेच थांबवा. बर्फ फडक्यात गुंडाळून हलक्या हाताने लावा, दाबू नका. लहान मुलांची मला जास्त काळजी वाटते. त्यांचा डोळा वरून नीट दिसतो, पण मळमळतं, उलट्या होतात. आत स्नायू अडकलेला असू शकतो. अशा मुलाला त्याच दिवशी जळगाव किंवा धुळ्याला नेत्रतज्ज्ञांकडे न्या. बहुधा सीटी स्कॅन करावा लागेल.

डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही मैदानात वा आखाड्यात घेणार नाही, यात्रेची दंगल तोंडावर असली तरी.

– सराव प्रमुख