जामीन मंजूर, तरी माणूस आतच: गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात एका मध्यवर्ती कारागृहाबाहेर मुलाकातीच्या रांगेत एक बाई भेटल्या. प्लास्टिकच्या पिशवीतून कोर्टाचा कागद काढून म्हणाल्या, "दादा, जरा वाचून सांगा." नवऱ्याला पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊन अडीच महिने उलटले होते. जामीनदार स्थानिक हवा, त्याचं रेशनकार्ड हवं, सॉल्व्हन्सी, म्हणजे त्याची ऐपत दाखवणारा दाखला हवा. ऊसतोडीला गावोगाव फिरणाऱ्या माणसाला या शहरात जामीन कोण राहणार? बाईंना तर अर्ज फेटाळला गेला असंच वाटत होतं.

साहेब, 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. महाराष्ट्रात दहांतले आठ कच्चेच. कच्च्या कैद्यांपैकी साधारण चौथा हिस्सा निरक्षर. धर्म, जात, वय, शिक्षण, सगळ्याचे तक्ते छापले जातात. पण कोर्टाने सोडायला सांगूनही जो आतच आहे, तो त्याच कच्च्यांच्या बेरजेत बुडून जातो.

ही माहिती नव्याने गोळा करायचीही गरज नाही. जामीन मिळून सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या) सचिवांना कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजीच सांगितलंय. म्हणजे प्रत्येक कारागृहात ही यादी असायलाच हवी. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते; 2023 च्या नियमांत तिची मर्यादा 40,000 रुपये होती. बाईंना हे कोणीही सांगितलं नव्हतं.

मागणं एवढंच आहे. जामीन मंजूर असून किती जण आत आहेत, किती दिवसांपासून आणि किती रकमेसाठी, हे दर महिन्याला कारागृहनिहाय जाहीर करा. नावं नकोत. योजनेतून किती सुटले, तेही शेजारीच लिहा. योजनेची माहिती मुलाकातीच्या खिडकीपाशी मोठ्या मराठी अक्षरांत लावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिथे एक माणूस बसवा. हा माणूस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बाईंनी आता प्राधिकरणाकडे अर्ज दिलाय. त्याची पोच त्याच पिशवीत आहे.

आपला,
एक विधी स्वयंसेवक