इंजिन माउंटिंगचे रबर धातूपासून सुटल्याबद्दल तक्रार आणि रक्कम परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्या विभागाने चार ओळींचे उत्तर पाठवले. त्यातली तिसरी ओळ अशी आहे: ‘पार्ट बसवताना चूक झाल्याने रबर फाटले असावे, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.’ माझा सगळा आक्षेप या ओळीवर आहे. रबर फाटलेले नाही, सुटलेले आहे. या दोन शब्दांतला फरक रबराचे पार्ट विकणाऱ्यांना ग्राहकाने समजावून सांगायचा, हे विचित्रच. पण आता नाइलाज आहे.

गाडी जुनी मिनी आहे. आराखडा 1959 सालचा, पण माझी गाडी 1976 नंतरची, म्हणजे पुढची सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाके धरणारा सांगाडा) बॉडीला थेट न आवळता रबरावर बसवलेली. ऑर्डर घेताना आपल्या माणसाने ‘रबरवाली की बिनरबरवाली’ असे मला दोनदा विचारले होते, तेव्हा हा फरक आपल्याकडे ठाऊक आहे असे मी धरतो. या गाडीत इंजिन आडवे असते आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, त्याच तेलात. हे सगळे ओझे दोन टोकांच्या दोन माउंटिंगवर, म्हणजे धातूच्या पत्र्याला जोडलेल्या रबराच्या ठोकळ्यांवर टेकते. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन मागे कलते, सोडला की पुढे. ते डोलणे आवरायला स्टेडी रॉड नावाचा दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना रबराचे बुश.

माझ्या गाडीत यातले काहीच धड राहिले नव्हते. क्लच सोडताना गाडी थरथरत सुटायची, गिअरचा दांडा हातात आपोआप हलायचा, आणि एका वर्षात दोनदा सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या भागाच्या) जोडापाशी निखळला. दोन्ही वेळा मी फक्त पाइपच दुरुस्त करत बसलो. ती माझी चूक, मान्य आहे. दुखणे वर होते आणि मलम खाली लावत होतो.

शेवटी आपल्याकडून पूर्ण सेट मागवला: दोन्ही इंजिन माउंटिंग, वरच्या आणि खालच्या स्टेडी रॉडचे बुश, पुढची सबफ्रेम बॉडीला जोडणारे रबराचे माउंट, म्हणजे वरचे दोन टॉवर माउंट, पुढचे थेंबाच्या आकाराचे दोन आणि मागचे दोन. मागच्या सबफ्रेमला हात लावला नाही, तिचे रबर ठीक होते.

काम मी स्वतः केले. आपल्या उत्तरात ‘प्रशिक्षित मेकॅनिककडून बसवलेले नाही’ असा टोमणा आहे, म्हणून कसे केले ते सांगतो. गाडी घोड्यांवर घेतली. तेलाच्या टाकीखाली जाड लाकडी फळी ठेवून इंजिन जॅकवर तोलले. एका वेळी एकच बाजू सोडली. सगळे बोल्ट आधी हाताने आटे धरतील इतके फिरवले, एकही जबरदस्तीने ओढला नाही. मग इंजिन खाली टेकवले, हाताने पुढेमागे हलवून जागेवर बसू दिले, पाच मिनिटे चालवले आणि नंतर मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळले. स्टेडी रॉड सर्वांत शेवटी जोडला, कारण तो आधी आवळला तर इंजिनला एका बाजूला खेचून धरतो आणि माउंटिंग जन्मभर तिरकी दबून राहते. सबफ्रेमचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून पक्के केले. दोन शनिवार-रविवार गेले. त्यातला एक अख्खा दिवस गंजलेल्या एका बोल्टने खाल्ला, त्याचा दोष अर्थातच आपल्यावर नाही.

पहिले काही दिवस गाडी नवी झाल्यासारखी होती. मधल्या आरशात मागची गाडी कितीतरी वर्षांनी एक दिसली, दोन नाही.

हे सुख चार महिने टिकले. जेमतेम 1,900 किलोमीटर झाल्यावर क्लच सोडताना ‘खट्ट’ आवाज येऊ लागला, आणि आठवड्याभरात पाइपचा जोड पुन्हा फुंकायला लागला. मी गाडीखाली शिरलो आणि इंजिन जॅकने बोटभर उचलले, तशी क्लचकडची माउंटिंग तोंड उघडल्यासारखी उघडली. रबर एकीकडे, पत्रा दुसरीकडे. काढून उजेडात धरली. रबराचा सुटलेला पृष्ठभाग गुळगुळीत, साच्यातून आत्ताच बाहेर आल्यासारखा. कुठे ओरखडा नाही, चीर नाही. पत्रा कोरा. त्यावर रबर उरले होते ते एका कोपऱ्यात, नखाएवढे. मधोमध अंगठ्याएवढा फिकट डाग होता. त्याचा अर्थ मी लावत नाही, आपण लावावा. फोटोत तो स्पष्ट दिसतो.

आता ‘फाटणे’ आणि ‘सुटणे’ याबद्दल. अशी माउंटिंग बनवताना धातू आधी तेलमुक्त करून खरवडतात, त्यावर प्रायमर आणि चिकटद्रव्याचा थर देतात आणि मग साच्यात उष्णतेने रबर त्यावरच पक्के होते. हा जोड नीट झाला असेल तर तो रबरापेक्षा मजबूत असतो. अशी माउंटिंग तिरकी बसली, जास्त ताणली गेली, अगदी हातोड्याने बसवली, तरी तुटते ती रबराच्या आत, आणि धातूवर रबराचा खरखरीत थर राहतो. धातू कोरा उघडा पडला तर दोष जोडाचा. हे माझ्या मनाचे नाही. रबर आणि धातूचा जोड तपासण्याच्या एएसटीएम डी 429 या चाचणीत तुटण्याची जागा रबरात आहे की धातूपाशी, हे याच कारणासाठी वेगळे नोंदवतात.

शिवाय माझ्याकडे ताडून पाहायला जुना माल आहे. काढलेल्या मूळ माउंटिंग मी फेकल्या नव्हत्या. त्यातली क्लचकडची गळणारे तेल पिऊन इतकी फुगली आहे की नखाने दाबली तर खळगा तसाच राहतो. रेडिएटरकडची दबून तिरकी झाली आहे, कडेला भेगा आहेत. दोन्हींचे रबर म्हणून काम संपले आहे. पण दोन्ही ठिकाणी रबर धातूला आजही घट्ट आहे. स्क्रूड्रायव्हर घालून मुद्दाम उचकटून पाहिले, तर रबराचे तुकडे निघाले, जोड सुटला नाही. इतक्या वर्षांच्या तेलाने आणि उष्णतेने जे केले नाही, ते आपल्या मालात चार महिन्यांत झाले.

मी एकाच माउंटिंगवर थांबलो नाही. सबफ्रेमचे माउंट उघडून पाहिले, तर डाव्या टॉवर माउंटच्या कडेचे रबर तसेच, तितक्याच स्वच्छपणे उचलू लागले आहे. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळे भार, दोन वेगळ्या दिवशी केलेले काम, आणि दोष मात्र एकच. माझ्या हातून एकसारखी चूक दोनदा झाली असे म्हणायचे असेल तर ती नेमकी कोणती, ते आपण लेखी कळवावे.

आणखी एक. मित्राकडून रबराचा कडकपणा मोजायचे यंत्र आणले. एकाच क्रमांकाच्या, एकाच पाकिटातल्या दोन इंजिन माउंटिंगचे आकडे शोर ए या मापात (आकडा मोठा तितके रबर कडक) आले 52 आणि 66. एवढ्या फरकाने एक बाजू जास्त दबते आणि दुसरी आखडून राहते. पाकिटावर उत्पादनाची तारीखही नाही. रबराच्या साठवणुकीबाबतच्या आयएसओ 2230 या मानकात नैसर्गिक रबराच्या सुट्या पार्टसाठी सुरुवातीची मुदत 5 वर्षे धरली आहे. तारीखच नसेल तर ही मुदत ग्राहकाने कशी मोजायची?

मागच्या आठवड्यात आपल्या प्रतिनिधीने फोनवर ‘पॉलियुरेथेनचा सेट सवलतीत देतो, तो कधीच जात नाही’ असे सुचवले. आभार, पण नको. शर्यतीच्या गाडीला ते ठीक असेल. रोज चालणाऱ्या जुन्या गाडीत कडक पॉलियुरेथेन घातले की इंजिनचा प्रत्येक ठोका बॉडीत उतरतो आणि जुन्या पत्र्यात भेगा पडायला नव्या जागा मिळतात. शिवाय सदोष मालाची तक्रार केलेल्या ग्राहकाला दुसरा माल विकणे हे तक्रार निवारण नव्हे.

ही केवळ थरथरीची गोष्ट असती तर मी कदाचित कुरकुर करून गप्प बसलो असतो. पण या गाडीत इंजिन आणि पुढची दोन्ही चाके याच सबफ्रेमवर आहेत. टॉवर माउंट सुटणे म्हणजे वळणावर पुढची चाके बॉडीच्या मागेपुढे सरकणे.

म्हणून माझी मागणी अशी. संपूर्ण सेटची रक्कम आणि पाइपच्या जोडाच्या दुरुस्तीचा खर्च मिळावा. सुटलेल्या दोन्ही पार्टची तपासणी व्हावी आणि अहवालाची प्रत मला मिळावी. हा माल ज्या खेपेतला आहे ती खेप विक्रीतून काढावी आणि ज्यांनी ती घेतली त्यांना कळवावे. तपासणीसाठी पार्ट द्यायला मी तयार आहे, पण कुरिअरने पाठवणार नाही. आपल्या माणसाने येऊन, पोच देऊन घेऊन जावेत. बिलाची प्रत, फोटो आणि कडकपणाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक म्हणून मिळणारा पुढचा मार्ग धरीन.

आपला,
(सही)

ता.क. बदली माल पाठवू नये. क्लचकडे सध्या ती तेल प्यायलेली जुनी माउंटिंगच परत चढवली आहे, आणि आपल्या पैशांचा निकाल लागेपर्यंत तीच राहील.