अ‍ॅमट्रॅक लूपला का पडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेची सरकारी प्रवासी रेल्वे कंपनी अ‍ॅमट्रॅक कायम तोट्यात आणि कायम उशिरा, असा सूर आपल्या पत्रांच्या सदरात दिसला. तोट्याचं खरं आहे. उशिराचं खापर मात्र एकट्या तिच्यावर फोडू नये, असं सेक्शन कंट्रोलमध्ये, म्हणजे कोणती गाडी कुठे थांबवायची नि कुठली आधी सोडायची हे ठरवणाऱ्या कचेरीत, नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला वाटतं.

1971 मध्ये ही कंपनी सुरू झाली तीच मुळी खासगी कंपन्यांना प्रवासी गाड्यांचा तोटा सोसवेना म्हणून. गाड्या अ‍ॅमट्रॅककडे आल्या, रूळ मात्र त्या कंपन्यांकडेच राहिले. वॉशिंग्टन-न्यूयॉर्क-बोस्टन हा पट्टा पुढे बहुतांशी तिच्या मालकीचा झाला. पण एकूण धाव पाहिली तर सुमारे 70 टक्के परक्या रुळांवर होते. तिथला डिस्पॅचर, म्हणजे आपला कंट्रोलर, मालवाहतूक कंपनीचाच माणूस.

एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांचं क्रॉसिंग आलं की एकीला लूपला, म्हणजे बाजूला थांबायच्या जोडरुळावर, घ्यावंच लागतं. आपल्याकडे सहसा मेल-एक्स्प्रेसला मेन लाइन आणि मालगाडीला लूप. 1973 च्या कायद्याने तिकडेही प्रवासी गाडीलाच पहिला मान दिला आहे. पण खर्च वाचवायला तिथल्या कंपन्या तीन-तीन किलोमीटरच्या मालगाड्या चालवतात आणि कित्येक लूप त्याहून आखूड. मालगाडी आत मावतच नाही, मग लूपला जाणार कोण? अ‍ॅमट्रॅकच! कायद्यातला मान कागदावर राहतो. तो डावलला म्हणून कोर्टात जायचा अधिकारही अ‍ॅमट्रॅकला नाही, तो न्याय खात्याचा. खात्याने असा खटला भरला 1979 मध्ये, आणि नंतर थेट 2024 मध्ये, अ‍ॅमट्रॅकच्या 'क्रेसेंट' गाडीच्या उशिराबद्दल नॉरफोक सदर्न या मालवाहतूक कंपनीवर.

अर्थात सगळंच दुसऱ्यांमुळे बिघडतं असंही नाही. न्यू ऑर्लिन्स ते लॉस एंजेलिस जाणारी 'सनसेट लिमिटेड' आठवड्यातून तीनदाच असते. अशा गाडीच्या भरवशावर कोण बेत आखेल?

2020 मध्ये आपल्याकडे 151 खासगी गाड्यांचा प्रस्ताव आला होता. बेत अमेरिकेच्या नेमका उलटा: गाडी खासगी, रूळ सरकारी. तो बारगळला. पुन्हा असं काही निघालं तर सरकारी चांगलं की खासगी, यावर भांडण्याआधी गाडी लूपला टाकणारा कंट्रोलर कोणाच्या पगारावर असेल, एवढं निविदेत आधी वाचावं.

– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ