गुलाबी बोंडअळीचा माग तालुकावार जाहीर व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टमध्ये कपाशीत डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्याने न उमलता मिटून राहिलेली फुले, दिसू लागल्या की आपल्या दैनिकासह सर्वत्र गुलाबी बोंडअळीच्या बातम्या सुरू होतात. त्यांत सापळ्यांतल्या पतंगांची संख्या असते, फवारणीचा सल्ला असतो आणि दिवाळीनंतर पंचनाम्यांची मागणी असते. ही अळी आपल्या शिवारापर्यंत कोणत्या वाटेने पोचली आणि बीटी कपाशी, म्हणजे अळीला मारणारे विष स्वतःच्याच झाडात तयार करणारी कपाशी, पचवायला ती कुठे व कशी शिकली, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. ही माहिती केवळ अभ्यासकांच्या कामाची आहे, असे मला वाटत नाही.

या किडीची पहिली शास्त्रीय नोंद 1843 सालची असून तिचे नमुने भडोचच्या कपाशीतले होते. तिचे मूळ घर भारतीय उपखंड की ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाचा पट्टा, यावर कीटकशास्त्रज्ञांत एकमत नाही, परंतु तिचा पुढचा प्रवास बऱ्यापैकी नोंदलेला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती भारतातून गेलेल्या कापसाबरोबर इजिप्तमध्ये पोचली, तिथल्या सरकीबरोबर 1911 च्या सुमारास मेक्सिकोत गेली आणि 1917 मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सापडली. एवढासा पतंग स्वतःच्या पंखांवर समुद्र ओलांडत नाही; तो सरकीत बसून, माणसाच्या व्यापाराबरोबर गेला. हंगामाच्या शेवटी ही अळी दोन सरक्या रेशमी धाग्याने एकमेकींना चिकटवते आणि आतल्या पोकळीत सुप्तावस्थेत जाते. अशा स्थितीत ती वर्षभर, प्रसंगी त्याहून अधिक काळही जिवंत राहू शकते. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीच्या, आवारात पडलेल्या ढिगातली अशी जोडसरकी नखाने उकलून पाहिली, तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या प्रवासाची रीत समजायला पुस्तकाची गरज उरत नाही.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा सर्वांचे लक्ष हिरव्या म्हणजे अमेरिकन बोंडअळीवर होते. ती अळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते, त्यामुळे बीटीच्या विषाशी कधीच गाठ न पडलेले तिचे पतंग शिवारात कायम असतात आणि प्रतिकारक्षम पतंगांशी त्यांचा संकर होत राहतो. गुलाबी अळीचे पोट जवळपास पूर्णपणे कपाशीवर अवलंबून आहे. सगळीकडे बीटीच लावली गेल्यावर तिच्यापुढे दोनच पर्याय उरले, मरणे किंवा ते विष पचवणे. म्हणूनच, विषाशी गाठ न पडलेले तिचेही पतंग शिवारात टिकावेत यासाठी, बिगर-बीटी कपाशीच्या आश्रय ओळी आवश्यक होत्या आणि त्यासाठी बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची 120 ग्रॅमची वेगळी पुडी दिली जात असे. त्या पुडीचे काय होत असे, हे प्रत्येक कापूस उत्पादकाला ठाऊक आहे. कुणी ती नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, भरायला वापरली, कुणी बांधावर टाकून दिली. पण सगळा दोष शेतकऱ्यावर ढकलणे मला मान्य नाही, कारण ज्याची जमीनच चार-पाच एकर आहे, त्याने पाचवा हिस्सा अळीसाठी का सोडावा, हे त्याला पटेल अशा भाषेत फारसे कुणी सांगितले नाही.

शिवाय अमेरिका व ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणांत, म्हणजे ज्यांचे बियाणे शेतकऱ्याला घरचेच पुन्हा पेरता येते अशा वाणांत, आले, तर आपल्याकडे ते संकरित वाणांत आणले गेले. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. एका जनुकापुरते पाहिले तर साधारण चौथ्या हिश्श्याच्या सरकीत ते विष नसते. एकाच बोंडात अळीला कमी-अधिक विषाच्या सरक्या मिळत गेल्या आणि प्रतिकाराचा सराव होत गेला, असे या विषयाचे काही जाणकार सांगतात. दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागणे हे बियाणे कंपन्यांच्या सोयीचे होते, हेही येथे नोंदवायला हवे. त्यात वाण लांब मुदतीचे आणि वर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड (वेचणी संपल्यावरही पाणी देऊन राखलेले पीक), म्हणजे अळीला हंगामातल्या जादा पिढ्या आपणच बहाल केल्या.

परिणाम नकाशावर दिसतात. क्राय1एसी या पहिल्या विषाला दाद न देणारी अळी 2008-09 च्या सुमारास गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट जिल्ह्यांत आढळली. दुसरे जनुक घातलेल्या बोलगार्ड-2 वरही 2014-15 च्या सुमारास गुजरातमध्ये जिवंत अळ्या दिसू लागल्या आणि 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडांची कवडी झाली, म्हणजे बोंडे नीट न फुटता कापूस आतच खराब झाला. 2021 मध्ये पंजाबच्या भटिंडा-मानसा भागाने, तर 2023 मध्ये राजस्थानच्या हनुमानगड-श्रीगंगानगर पट्ट्याने हेच नुकसान सोसले. उत्तरेत ती आधी जिनिंग व तेलगिरण्यांजवळच्या शेतांत दिसली, याकडे मी विशेष लक्ष वेधतो.

याच अळीचे अमेरिकेतून निर्मूलन झाल्याची अधिकृत घोषणा 2018 मध्ये झाली. ॲरिझोनात आधी दहा वर्षे आश्रय ओळींचा नियम कसोशीने पाळला गेला, नंतर शिवारातल्या पतंगांची वीण खुंटावी म्हणून विमानांतून अब्जावधी वंध्य पतंग सोडण्यात आले. आपल्या लहान लहान तुकड्यांच्या शेतीत तो कार्यक्रम जसाच्या तसा राबवता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण कोणत्या भागातली अळी कोणत्या विषाला किती दाद देते, याची दरवर्षी काटेकोर तपासणी हा तिथल्या कामाचा पाया होता. तशी तपासणी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही करते. तिचे निष्कर्ष मुख्यतः इंग्रजी अहवालांत व शास्त्रीय नियतकालिकांत राहतात, ही माझी तक्रार आहे.

कृषी विभागाने हे निष्कर्ष पेरणीपूर्वी, मे महिन्यात, तालुकावार नकाशासह मराठीत प्रसिद्ध करावेत. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, शेतांइतकेच जिनिंग व तेलगिरण्यांच्या आवारातही सक्तीने लावावेत आणि त्यांतल्या पतंगांची नोंद त्याच नकाशावर यावी. बाहेरच्या जिल्ह्यांतून व राज्यांतून येणारी सरकी पावसाळ्यापूर्वी गाळून संपवण्याची मुदत प्रत्येक गिरणीला घालून द्यावी आणि ती पाळली की नाही, याची यादी ग्रामपंचायतीत लावावी. आपल्या दैनिकानेही पतंगांच्या आकड्याबरोबर हा नकाशा छापावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक, जि. वर्धा